देवरावांचा बूट आणि जिन्यातला देव

नाव: सौ. पुष्पलता देवराव तिजारे. वय: आधारकार्डावर एक, स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे दुसरे. पत्ता: घरकुल प्रकल्प, इमारत ‘क’, तळमजला, जिन्याला लागून. व्यवसाय: गृहिणी. प्रकल्पातील भूमिका: आरंभी तक्रारदार, मध्यंतरी आदर्श लाभार्थी, सध्या उपद्रवी घटक. उपद्रवाचे स्वरूप: सामायिक जागेत विनापरवाना धार्मिक बांधकाम उभारणे व तदनंतर तेच विनापरवाना काढून टाकणे.

प्रकल्प कार्यालयाच्या कागदात हे वर्णन असेच आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, फक्त ‘गृहिणी’ हा शब्द थोडा ताणलेला आहे. पुष्पलताबाई घरी सुपारी कातरतात. ठेलेवाला पोतं आणून टाकतो, बाई अडकित्ता घेऊन बसतात आणि कातरलेली सुपारी पुन्हा ठेल्यावर जाते. तिथे ती तंबाखू-चुन्याबरोबर प्लास्टिकच्या पन्नीत घोटली जाते, तिचा खर्रा होतो, आणि नागपुरातल्या पुरुषांच्या गालात तासभर राहून ती भिंतींवर येते. इमारत ‘क’च्या भिंतीही त्यात आल्या.

प्रकल्प शहराच्या कडेला, कुहीच्या रस्त्यावर आहे. वस्त्या उठवून माणसं इथे आणली, चिठ्ठ्या टाकून घरं दिली. तिजाऱ्यांच्या चिठ्ठीत तळमजला निघाला तेव्हा बाई आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नाहीत. तळमजला म्हणजे वरच्या सगळ्यांचा कचरा, पाणी आणि भांडणं आधी आपल्या दारात. पण पुढे देवरावांना लकवा झाला आणि तोच तळमजला नशीब ठरला.

देवराव सीताबर्डीत साड्यांच्या दुकानात होते. बसायची सोय त्या दुकानात गिऱ्हाइकाला होती. देवरावांची सगळी नोकरी उभ्याने झाली. लकवा झाला तोही उभ्यानेच, हातात मोरपंखी रंगाची साडी उलगडलेली असताना. उजवा हात खाली आला, साडी हातातून सुटली आणि समोरची बाई म्हणाली, “हा रंग नको, दुसरा दाखवा.” मग देवराव पडले.

मेडिकलमधल्या, म्हणजे सरकारी मोठ्या दवाखान्यातल्या, व्यायामवाल्या बाईंनी पुष्पलताबाईंना नीट समजावून सांगितलं. पहिल्या काही महिन्यांत पायात जेवढं परत येईल तेवढं येईल. रोज चालवलं तर पाय राहील. बसवून ठेवलं तर आत वळेल आणि मग तसाच राहील. उजव्या पायासाठी प्लास्टिकची पट्टी करून दिली. ती पोटरीमागून येते, टाचेखालून जाते आणि बुटात बसते. बूट घातला की पंजा वर राहतो. काढला की पंजा लोंबतो, जमिनीला घासतो आणि माणूस तोंडावर येतो. देवरावांचं चालणं म्हणजे तो बूट.

चालायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. बाहेर गिट्टी पसरलेली. ठेकेदार रस्ता करणार होता तेव्हाची. फेब्रुवारी संपला की ऊन. इमारतीत मात्र दारापासून जिन्यापर्यंत अरुंद पॅसेज होता, गार, सपाट, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून लोखंडी कठडा होता. डाव्या हाताने तो धरायचा आणि चढायचं. बाईंना दुसरं काही नको होतं. फक्त तेवढा पॅसेज आणि तो कठडा.

तिथे बंटी बसायचा.

बंटी तिसऱ्या मजल्यावरचा. सकाळी ई-रिक्षा चालवायचा, दुपारपासून जिन्यात. सोबत त्याच्यासारखेच पाच-सहा. ही पोरं वाईट होती असं म्हणता येणार नाही. ती फक्त तिथे होती. पत्ते होते, मोबाईलवर गाणी होती, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांवर अगदी सभ्य आवाजात शेरे होते. आणि कोपरा होता, जिथे पॅसेज संपून जिना सुरू होतो तो. गृहप्रवेशाला तो पांढरा होता असं जुने रहिवासी सांगतात.

“काहून गा बंटी, घर नाई का तुले?” बाईंनी एकदा विचारलं.

“हाय ना मावशी. खाटेवर बाप हाय, टीव्हीपुढं माय हाय, स्वयंपाकघरात वहिनी हाय. मी कुठं बसू? तुमी नकाशात दाखवा, मी बसतो.”

“मग बस. थुंकतं काहून?”

बंटीने गालातला ऐवज एका बाजूला सरकवला. “मावशी, सुपारी तुमचीच हाय.”

पोरं हसली. बाईंनाही क्षणभर हसू आलं, आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

मग देवराव घसरले. दुसऱ्या पायरीवर ओलं होतं, बूट सरकला आणि कठडा धरलेला हात तसाच राहून बाकीचे देवराव खाली बसले. हाड मोडलं नाही. पण ते दाराबाहेर यायला तयार होईनात. बाई बूट घेऊन समोर बसायच्या. “चला ना जी, दोन पायऱ्या.” देवराव डाव्या बाजूने बोलायचे, शब्द अर्धे यायचे, पण ‘नाई’ पूर्ण यायचं.

बाईंचं स्वस्थ बसणं त्या दिवसापासून गेलं. अडकित्ता हातात, कान जिन्याकडे. सुपारीचे तुकडे लहानमोठे होऊ लागले आणि ठेलेवाला कुरकुरला. देवराव झोपले की बाई त्यांच्या पंजाला हात लावून बघायच्या, आत वळला का. मग उठून दार उघडायच्या, पॅसेज बघायच्या, दार लावायच्या, पुन्हा पंजा.

बाईंनी तक्रार दिली. प्रकल्प कार्यालयातून समूह संघटक वैदेही मॅडम आल्या. धरमपेठेतल्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या, मनापासून काम करणाऱ्या. प्रकल्पातलं समाजमंदिर कुलपात होतं आणि किल्ली ठेकेदाराकडे होती, म्हणून उपद्रव निवारण बैठक उपद्रवाच्या जागीच, जिन्यात झाली. पोरांनी मॅडमसाठी पायरी पुसून दिली. मॅडम सामायिक जागेच्या जबाबदार वापराबद्दल बोलल्या. बंटीने टाळ्या वाजवल्या. ठराव होऊन कोपऱ्यात पाटी लागली: ‘येथे थुंकू नये.’ आतापर्यंत पोरं साधारण अंदाजाने थुंकत. आता नेम धरायला काहीतरी मिळालं.

पाटी लाल होऊन अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा पुष्पलताबाई बसने टाइलच्या दुकानात गेल्या.

“देवाच्या टाइला हाय का?”

“पूजेसाठी का थुंकीसाठी?” दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

“थुंकीसाठी.”

“मंग या घ्या. स्वस्त पडते.”

बाईंनी हनुमान निवडला. पोरं ज्याला घाबरतील असा देव हवा होता, आणि हनुमान एका हातात पर्वत घेऊन उडतो, दुसऱ्या हातात गदा असते. मिस्त्रीला बोलावून कोपरा खरवडून घेतला, चुना मारला, टाइल बसवली. मिस्त्री जाईपर्यंत पोरं वरच्या पायरीवर गप्प बसून बघत होती. संध्याकाळी एकाला सवयीने तोंड भरून आलं, त्याने मान वळवली, हनुमानाशी नजरानजर झाली आणि तो धावत गेटबाहेर गेला.

जे समितीने, ठरावाने आणि पाटीने झालं नव्हतं ते झालं. देवरावांनी पुन्हा बूट घातला. पॅसेज, कठडा, पहिली पायरी. पुढच्या आठवड्यात दुसरी. बाई मागून कमरेला धरायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, “उचला, उचला, उचलला!” वरच्या मजल्यावरची कामिनी डोकावून म्हणायची, “पुष्पाबाई, बाळ चालून राहिलं का वं?” देवराव अर्ध्या तोंडाने हसायचे. दुसऱ्या पायरीपर्यंत पाय परत आला होता. तिसरी समोर होती.

इथवर सगळं नीट होतं. पण बाई कुहीकडच्या. देव भिंतीला लावायचा आणि त्याला उपाशी ठेवायचं, हे त्यांच्या माहेरी कोणी केलेलं नव्हतं. पहिल्या शनिवारी त्यांनी तेल वाहिलं. दुसऱ्या शनिवारी रुईच्या पानांची माळ. मग एक पणती. पणती लावताना कामिनी चपला वाजवत जिना उतरली.

“चप्पल काढ वं. देवापुढून चालली.”

“आता जिन्यात चप्पल काढू?”

“मंग काय देवाले सरकवू?”

कामिनीने चपला हातात घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिने तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला काढायला लावल्या, कारण आपण काढल्या आणि दुसरीने नाही काढल्या हे कामिनीला सहन होणं शक्य नव्हतं. पंधरवड्यात अख्खी इमारत ‘क’ अनवाणी चढू-उतरू लागली. तिजाऱ्यांच्या दारासमोर चपलांचा ढीग साचला.

मग बंटीच्या मनात भक्ती जागी झाली. तिला कारण होतं. जिन्यात बसणारी पोरं टवाळ असतात. देवळात बसणारी पोरं मंडळ असतात. बंटीने रिक्षाच्या कमाईतून टाइलखाली संगमरवरी फळी बसवली, घंटा टांगली, लाल-हिरव्या दिव्यांची माळ सोडली. ‘जिनेवाले बजरंगबली सेवा मंडळ’ असा फलक लागला, त्यावर बंटीचा चष्म्यातला फोटो, हनुमानाच्या किंचित वर. पोरं तिथेच बसायची, तेवढाच वेळ बसायची, पण आता सेवेला. खर्रा थुंकायला गेटबाहेर जायची. वैदेही मॅडम आल्या, बघून हरखल्या, आणि ‘उपद्रवी युवकांचे लोकसहभागातून परिवर्तन’ असा अहवाल वर गेला. अहवालात पुष्पलताबाईंचा उल्लेख ‘आदर्श लाभार्थी’ असा होता.

फळीखाली लाल कार्पेट आलं ते पॅसेजभर. कार्पेटच्या तोंडाशी, म्हणजे तिजाऱ्यांच्या उंबऱ्याशी, पुठ्ठा लटकला: ‘चपला-बूट बाहेर काढा.’

त्या दिवशी देवराव बूट घालून दारात उभे राहिले आणि बंटी हात जोडून पुढे आला. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

“मावशी, काका बूट घालून देवापुढं जाते. लोकं बोलून राहिले.”

“कोणते लोकं?”

“सगळेच. मी काई म्हणत नाई. पण चामड्याचा हाय ना.”

“त्या बुटात पाय हाय गा त्याचा! बूट काढला तर पाय बी निघतो.”

“देव समजते मावशी. लोकं नाई समजत.”

वरून कामिनी बोलली, “तूच तर मले चप्पल काढायले लावली वं पुष्पाबाई. मंग आमाले एक आन् तुह्या घरी दुसरं?”

नियम त्यांचाच होता.

त्यांनी जुन्या साडीची पिशवी शिवून बुटावर चढवली. मंडळाचं म्हणणं पडलं की आत चामडं आहेच. देव सरकवा म्हणाल्या, तर प्रतिष्ठा झालेला देव सरकत नाही. शेवटी त्यांनी देवरावांचा बूट काढला आणि अनवाणी उभं केलं. देवरावांनी कठड्याकडे बघितलं. एक पाऊल पडलं. दुसऱ्याला पंजा कार्पेटच्या लवीत अडकला, गुडघा दुमडला आणि ते हनुमानासमोर असे बसले की वरच्या पायरीवरच्या एकाला वाटलं नमस्कार करताहेत. त्याने घंटा वाजवली.

त्यानंतर देवराव खाटेवर. बूट खाटेखाली.

बाई कार्यालयात गेल्या. वैदेही मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि खरोखर वाईट वाटून घेतलं. मग म्हणाल्या, “पुष्पलताताई, थुंकण्याची तक्रार असती तर मी उद्याच आले असते. हा आता धार्मिक विषय झाला. संवेदनशील आहे. इमारतीतल्या बहुसंख्य रहिवाशांची संमती लागेल, मग समिती, मग वर.”

“मॅडम, तो देव मीच लावला ना. पैसे माझे, मिस्त्री माझा.”

“ते बोलू नका,” मॅडम दाराकडे बघून म्हणाल्या. “ते विनापरवाना बांधकाम होतं.”

मेडिकलमधल्या बाईंनी तपासताना पंजा हातात घेऊन विचारलं, “रोज चालवताय ना?” पुष्पलताबाई हो म्हणाल्या. त्या बाई पंजा जरा जास्त वेळ धरून राहिल्या. परतताना बसमध्ये जागा होती तरी पुष्पलताबाई उभ्या राहिल्या.

एप्रिलात हनुमान जयंती आली. मंडळाने पॅसेजमध्ये डीजेचे डबे रचले, तिजाऱ्यांच्या भिंतीला टेकवून. पहिलं गाणं लागलं आणि घरातली भांडी फळीवर चालायला लागली. स्टीलचे पेले एकेक करून कडेपर्यंत आले आणि बाई ते झेलत राहिल्या. सुपारीच्या पाटीतले तुकडे उड्या मारत होते. देवराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांचा लकव्याचा पाय बाकीच्या घराबरोबर थरथरत होता. बाईंनी तो हाताने दाबून धरला. तेवढ्या दिवसांत तो पाय पहिल्यांदाच हलला होता, आणि तोही डीजेने.

दुसऱ्या दिवशी दुपारी इमारत झोपलेली होती. महाप्रसाद जड झाला होता, कूलर घुरघुरत होते, मंडळ आपापल्या घरी आडवं होतं. पुष्पलताबाईंनी खलबत्त्यातला बत्ता पदराखाली घेतला. दार उघडं ठेवलं, कारण लावलं तर आवाज होतो. चपला काढल्या. कार्पेटवरून जिन्यापर्यंत गेल्या, हनुमानासमोर उभ्या राहिल्या आणि आधी हात जोडले.

“तुमाले माहीत हाय मी काहून करून राहिली,” त्या म्हणाल्या. “तुमी पहाड उचलून नेला होता दवाईसाठी. मी तर टाइलच फोडून राहिली.”

हात उचलला आणि तसाच राहिला. खाली आणला. पदराने कपाळ पुसलं. पुन्हा उचलला. मागून, खाटेवरून, उघड्या दारातून देवरावांचा आवाज आला. अख्खा शब्द, बऱ्याच दिवसांनी.

“हळू.”

बाईंनी हळू मारलं. टाइलला गदेच्या टोकापासून खांद्यापर्यंत एक तडा गेला. तुकडा पडला नाही. त्यांनी बत्ता पदरात घेतला, घरी आल्या, अडकित्ता घेऊन बसल्या आणि सुपारी कातरू लागल्या. त्या दुपारची सुपारी सगळी भुगा निघाली.

तडा कामिनीने बघितला, संध्याकाळी दिवा लावताना. ती ओरडली ते सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. माणसं जमली. देव भंगला होता, आणि भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत, हे तिथे कोणाला सांगावं लागलं नाही. सांगावं लागणार होतं ते एवढंच, की भंगला कसा.

बंटीने दारात बसलेल्या पुष्पलताबाईंकडे बघितलं. “मावशी, तुमी तर इथंच असता. कोणी आलतं का?”

“मले काय विचारतं?” बाईंनी अडकित्ता थांबवला नाही. “काल माझे भांडे नाचून राहिले होते घरात. लोखंडाची खाट हालली. टाइल का दगडाची हाय? तुह्या डब्ब्याले विचार.”

सगळ्यांच्या माना डीजेच्या डब्यांकडे वळल्या. ते अजून तिथेच रचलेले होते, पोटं फुगवून. कामिनी म्हणाली, “माझं बी कपाट उघडलं होतं वं.” तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने आपल्या सासूच्या छातीत कसं धडधडलं ते सांगितलं. इमारतीला इतके दिवस जे बोलायचं होतं ते बोलायला आता देवाचं निमित्त सापडलं होतं.

बंटीची नजर बाईंच्या मागे गेली. बत्ता ओट्यावर आडवा होता, खलापासून लांब, आणि त्याच्या टोकाला पांढरं लागलेलं होतं. मग त्याने खाटेकडे बघितलं. देवराव उठून बसले होते. बूट खाटेखालून बाहेर आला होता, नाडी सुटलेली, तोंड दाराकडे. देवराव बंटीकडे बघत होते, आणि बाईंच्या हातातला अडकित्ता पहिल्यांदाच थांबला होता.

बंटीच्या घरी खाटेवर त्याचा बाप होता, हे आधी आलंच आहे.

“डीजेनंच असन,” बंटी म्हणाला. “बेस जास्त ठेवला होता आपण.”

“अबे, पण...” त्याचा एक सोबती बोलायला गेला.

“डीजेनंच म्हटलं ना बे.”

पुढचं रीतीने झालं. टाइल बंटीने स्वतः छन्नी लावून अलगद काढली, तुकडा न पाडता. लाल कपड्यात गुंडाळली. विसर्जनाची मिरवणूक पलीकडच्या तळ्यापर्यंत निघाली आणि ती डीजे लावूनच निघाली. त्याशिवाय देवाला निरोप कसा देणार. पुष्पलताबाई शेवटपर्यंत मागे चालल्या. टाइल पाण्यात गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. बाकीच्यांनी हात जोडले तितकेच त्यांनीही जोडले, पण सोडले सगळ्यांच्या नंतर. बंटी शेजारी उभा होता. “मावशी, दुसरी टाइल नका आणजा,” तो हळूच म्हणाला.

“नाई आणत.”

“मंग आमी बसू ना तिथं?”

“बसा.”

फळी, घंटा, कार्पेट आणि बंटीचा फोटो यथावकाश उतरले. बांधकाम विनापरवाना होतं आणि काढणंही विनापरवाना होतं, आणि दोन्हींची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर घालणं भाग होतं. मंडळाची नोंदणी नव्हती; टाइलची पावती मात्र पुष्पलताबाईंच्या नावाची निघाली. त्यांना समुपदेशनासाठी बोलावण्यात आलं. त्यासाठी समाजमंदिराचं कुलूप प्रथमच उघडलं. आत पंखा होता. बाईंनी सामायिक जागेच्या जबाबदार वापराबद्दलचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं, वैदेही मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला, आणि कागदावर सही झाली.

प्रकल्प कार्यालयाच्या अखेरच्या टिपणीनुसार, उपद्रवी घटकास योग्य ती समज देण्यात आली असून इमारत ‘क’ येथे सामायिक जागेबाबत कोणताही उपद्रव आजमितीस प्रलंबित नाही.

कोपरा पुन्हा लाल झाला आहे. बाई रोज बादलीभर पाण्याने पायऱ्या धुतात, पोरं पाय वर घेतात, आणि देवराव बूट घालून तिसऱ्या पायरीपर्यंत जातात.